गुडघा नवा, पण चप्पल पायात राहीना

लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा. सुरतेच्या या भागांत जळगाव-धुळे-नंदुरबारकडून आलेली हजारो मराठी घरं आहेत. तिथल्या साठी ओलांडलेल्या बायका ओट्यावर जमल्या की हल्ली एक प्रश्न हमखास निघतो, "वाटी बदलली का?" खरं तर गुडघ्याची वाटी बहुधा जागेवरच असते. बदलतात ते घासलेले पृष्ठभाग. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावर धातूची टोपी बसते, नडगीच्या माथ्यावर धातूची बैठक आणि दोघांच्या मधे टणक प्लॅस्टिकची चकती. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारनं या कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हापासून हे ऑपरेशन मध्यमवर्गाच्या थोडं आवाक्यात आलं.

अशा एका घराची कल्पना करू. आजींचं ऑपरेशन झालं. वाकलेला पाय सरळ झाला, वर्षानुवर्षांची कळ गेली. वॉकर धरून त्या चालायलाही लागल्या. पण उजव्या पायातली चप्पल दर चार पावलांनी निसटते, आणि निसटली हे त्यांना कळतसुद्धा नाही. पंजा वर उचलला जात नाही, म्हणून बोटं फरशीला घासू नयेत यासाठी त्या गुडघा उंच उचलून पाय टाकतात. मुलगा म्हणतो, "डॉक्टरनं नस कापली." डॉक्टर म्हणतात, "होतं कधी कधी असं." दोघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य आहे आणि पुष्कळ काही राहून गेलेलं आहे.

पहिलं कोडं असं, की ऑपरेशन झालं गुडघ्यावर, तेही पुढून चीर देऊन. मग बिघाड पावलात कसा?

नस म्हणजे नेमकं काय?

आपल्या बोलण्यात 'नस' हा फार ढिला शब्द आहे. सलाइन लावतात ती नस, टाचेमागची ताणलेली दोरी ती नस आणि मुंग्या येतात तीही नस. पहिली रक्तवाहिनी, दुसरी स्नायूला हाडाशी बांधणारी स्नायुरज्जू, तिसरा मज्जातंतू. इथे विषय तिसऱ्याचा आहे.

मज्जातंतूची रचना समजायला सुरतेइतकं चांगलं गाव नाही, कारण इथे जर तयार होते. येवल्याच्या पैठणीचा काठ ज्या जरीनं चमकतो, ती परंपरेनं सुरतेहून येत आली. अस्सल जरीत आत रेशमाचा धागा असतो आणि त्याच्याभोवती चांदीची चपटी केलेली तार, म्हणजे बादला, गुंडाळलेली असते. मज्जातंतूतला एकेक धागा साधारण असाच. आत संदेश वाहून नेणारा गाभा आणि त्याच्याभोवती मायलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचं वेटोळं. या वेटोळ्यामुळे संदेश झपाट्यानं धावतो. असे हजारो धागे आटीसारखे एकत्र बांधून वर एक वेष्टण चढवलं, की डॉक्टर ज्याला 'नर्व्ह' म्हणतात ती दोरी तयार होते.

जर आणि मज्जातंतू यांत एक मोठा फरक आहे. जरीचा धागा कुठेही तोडला तरी दोन्ही तुकडे जरच राहतात. मज्जातंतूचा धागा मात्र एका जिवंत पेशीची लांबच लांब शेपटी असतो. पंजा उचलणाऱ्या स्नायूला हुकूम देणारी पेशी बसलेली असते पाठीच्या कण्यात आणि तिची शेपटी पार नडगीपर्यंत उतरते. वाटेत कुठे तुटली तर पेशीपासून सुटलेला खालचा भाग मरतो. हे ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेतले तंतू कापून १८५० मध्ये दाखवून दिलं होतं. पण तो भाग लगेच मरत नाही, काही दिवस घेतो. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे तिचं काम पडणार आहे.

एका हाडाच्या वळणावर

आता आपला हात गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला न्या. सांध्याच्या रेषेच्या थोडं खाली एक टणक उंचवटा लागेल. हा नडगीशेजारच्या बारीक हाडाचा माथा. त्याच्या मानेला वळसा घालून पंजा उचलणारा मज्जातंतू पुढे येतो. कातडी आणि हाड यांच्या मधे तो जवळजवळ उघडाच असतो, चरबीची गादी फार थोडी. पंगतीत तासभर मांडी घालून बसल्यावर पाय जड होतो आणि उठताना पाऊल ठिकाणावर पडत नाही, त्यात या वळणावरच्या दाबाचाही वाटा असतो. दाब सुटला की आधी मुंग्या, मग जाग. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत जो झटका जातो, तोही असाच हाडाजवळून जाणाऱ्या दुसऱ्या एका तंतूचा.

हा तंतू कमरेतून निघून, मांडीच्या मागून, गुडघ्याच्या खळगीच्या बाहेरच्या कडेनं येतो आणि त्या हाडाच्या मानेपाशी जणू खुंटीला अडकवल्यासारखा बांधला जातो. त्यामुळे पायाचा आकार बदलला की ताण तिथेच येतो.

सुरी न लागताही इजा

बहुतेक वेळा हा तंतू कापलेला नसतो. तो ताणला जातो, दाबला जातो किंवा त्याचं रक्त कमी पडतं.

ताणाचं पाहू. गुडघा वर्षानुवर्षं वाकून आखडला असेल तर त्याच्या मागून जाणारा तंतू त्याच लांबीला सरावतो. ऑपरेशनच्या टेबलावर तो पाय तासाभरात सरळ होतो. कंबरेत वाकून चालणाऱ्या माणसाला एका झटक्यात ताठ उभं करावं तसं हे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत तंतू लांबीच्या सुमारे ८ टक्के ताणला की त्यातला रक्तप्रवाह मंदावतो आणि १५ टक्क्यांच्या आसपास तो थांबतो.

पाय कोणत्या दिशेला वाकडा आहे, यालाही महत्त्व आहे. आपल्याकडे बहुतेकांचे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकतात. ते सरळ करताना बाहेरची बाजू सैल पडते, म्हणजे तंतूला दिलासाच. उलट ज्यांचा गुडघ्याला गुडघा घासतो त्यांची बाहेरची बाजू आखूड झालेली असते आणि तीच ताणावी लागते. धोका तिथे अधिक. त्यातून पाय आखडलेलाही असेल, संधिवाताचा जुना आजार असेल किंवा त्याच पायावर आधी हाड कापून सरळ करण्याचं ऑपरेशन झालेलं असेल, तर शल्यविशारदानं आधीच दोनदा विचार करायला हवा.

दाब येतो तीन वाटांनी. ऑपरेशनच्या वेळी रक्त दिसू नये म्हणून मांडीला हवा भरलेला पट्टा आवळतात. त्यातला दाब आपल्या रक्तदाबाच्या दुपटीच्या घरात असतो, म्हणून तो साधारण दोन तासांच्या आत सोडावा असा संकेत आहे. नंतर गुडघ्याभोवतीचं बँडेज त्या उघड्या वळणावर घट्ट बसलं तर दुसरा दाब. आत रक्त साचून गाठ झाली तर तिसरा.

खुब्याच्या सांध्यात खेळ तोच, जागा वेगळी. तिथे मांडीच्या मागचा जाडजूड सायटिक तंतू सांध्याला लागून जातो. आखूड झालेला पाय ऑपरेशनमध्ये तीन-चार सेंटिमीटर लांब केला तर हा तंतू ताणला जाऊ शकतो. गंमत अशी, की इजा मांडीत झाली तरी लटकतो बहुधा पंजाच, कारण सायटिकमधला पंजा उचलणारा हिस्साच जास्त नाजूक निघतो.

हे किती वेळा घडतं? पहिल्यांदा होणाऱ्या गुडघाबदलात शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी, खुब्यात थोडं अधिक आणि दुसऱ्यांदा केलेल्या ऑपरेशनमध्ये आणखी अधिक. यात जखमेच्या बाहेरच्या बाजूचा तो बधिर पट्टा धरलेला नाही. चीर देताना कातडीची एक बारीक फांदी कापली जातेच, तिथे हात लावला की लाकडाला लावल्यासारखं वाटतं. ही चूक नाही. मात्र ते आधी सांगितलेलं नसलं की पेशंट घाबरतो आणि डॉक्टरांवरचा विश्वास उगाचच एक पायरी खाली येतो.

पहिल्या रात्रीचा गोंधळ

ऑपरेशननंतर संध्याकाळी पाय हलत नाही, तेव्हा सगळे म्हणतात, "भूल उतरायची आहे." बहुतेक वेळा ते खरं असतं. कमरेतल्या इंजेक्शनची भूल काही तासांत उतरते. पण कमरेत बारीक नळी ठेवून दुखण्याचं औषध चालू ठेवलं असेल, किंवा गुडघ्यामागे टोचलेलं औषध बाजूच्या तंतूपर्यंत पसरलं असेल, तर पंजा जास्त वेळ गप्प राहतो. खरी इजा याच पडद्याआड लपते. भूल उतरायची वाट पाहता पाहता घट्ट बँडेज रात्रभर तसंच राहतं, आणि सकाळी राउंडला आलेल्या डॉक्टरांना कळतं की दुसरा पाय केव्हाच हलू लागलाय, हा मात्र नाही.

माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा कालखंड हाच. टेबलावर तंतू ताणला गेला का, याचा पुरावा बहुधा कुणापाशीच नसतो. त्या रात्री कुणी पंजा हलवून पाहिला का, किती वाजता पाहिला, लिहून ठेवलं का आणि मग काय केलं, हे मात्र केसपेपरवर दिसतं. किंवा दिसत नाही.

काय करायचं असतं ते फारसं अवघड नाही. बँडेज सैल करायचं, गुडघ्याखाली उशी देऊन तो थोडा वाकवायचा म्हणजे ताण उतरतो, कमरेतल्या नळीचं औषध थांबवून पुन्हा तपासायचं आणि शल्यविशारदाला फोन करायचा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. आत रक्ताची गाठ वाढत असेल तर ती काढावी लागते.

> चौकट : रात्री उशाशी बसणाऱ्यांसाठी
>
> ऑपरेशनच्या आधीच दोन्ही पायांचे पंजे वर उचलून दाखवायला सांगा आणि अंगठ्याजवळच्या बोटांच्या बेचक्यात स्पर्श कळतो का ते बघा. ज्यांना मधुमेह किंवा कमरेचा जुना त्रास आहे, त्यांना आधीपासूनच कमी कळत असू शकतं, तेव्हा ते लिहून घेतलेलं बरं.
>
> ऑपरेशननंतर दर दोन-तीन तासांनी हेच पुन्हा. दुसरा पाय जागा झाला आणि ऑपरेशनचा झाला नाही, तर नर्सला सांगा आणि "किती वाजता सांगितलं ते पेपरवर लिहा" असंही म्हणा.
>
> पोटरी दगडासारखी कडक झाली, पाऊल गार किंवा फिकट पडलं, औषध देऊनही कळ असह्य वाढत गेली, तर सकाळची वाट पाहू नका. तिथे प्रश्न रक्तपुरवठ्याचा असू शकतो आणि हातात काहीच तास असतात.

तपासणी लगेच का करत नाहीत?

नातेवाइकांची एक तक्रार नेहमी ऐकू येते, "पाय लटकला, तरी नसांची टेस्ट तीन आठवडे केली नाही!" ही तक्रार बहुतेकदा चुकीची असते, आणि इथे वॉलरचा बेडूक उपयोगी पडतो. तुटलेल्या तंतूचा खालचा भाग काही दिवस जिवंत असतो, विजेचा धक्का दिला तर तोही संदेश नेतो. म्हणून पहिल्या आठवड्यातली चाचणी फसवी निघू शकते. तीन आठवड्यांनंतर चित्र स्पष्ट होतं.

दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांचे तंतू तपासून हर्बर्ट सेडन यांनी १९४३ मध्ये इजेचे तीन प्रकार मांडले, ते आजही वापरात आहेत. जरीच्या भाषेत सांगायचं तर पहिल्यात फक्त वरचा बादला एका जागी चेपलेला असतो, आतलं रेशीम शाबूत. हे काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत सुधारतं. दुसऱ्यात आतलं रेशीम तुटलेलं, पण आटीची वेष्टणं जागेवर. नवा धागा त्याच बोगद्यातून वाट काढत खाली येतो. तिसऱ्यात सगळी आटीच तुटलेली. ती आपोआप जुळत नाही, शिवावी लागते किंवा दुसरीकडचा तंतू आणून जोडावा लागतो. सांधेबदलानंतर तिसरा प्रकार क्वचित दिसतो.

इजा आणि अपराध

आता "डॉक्टरनं नस कापली" या मुलाच्या वाक्याकडे येऊ. कायद्याच्या नजरेत वाईट परिणाम म्हणजे निष्काळजीपणा नाही. या विचाराच्या मुळाशी असलेला १९५७ चा इंग्लंडमधला बोलम खटलाही योगायोगानं खुब्याचाच होता. मानसोपचारात विजेचे झटके देताना पेशंटची खुब्याची हाडं मोडली होती. त्यातून निकष निघाला तो असा, की त्याच शाखेतल्या जाणत्या डॉक्टरांच्या एखाद्या गटाला जी पद्धत योग्य वाटते ती वापरणारा डॉक्टर निष्काळजी ठरत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात हा निकष मान्य केला आणि फौजदारी गुन्ह्यासाठी साध्या चुकीपेक्षा बराच गंभीर हलगर्जीपणा लागतो, हेही स्पष्ट केलं. पोलिसात धाव घेणारं कुटुंब म्हणूनच बहुधा निराश होतं.

पण याच न्यायालयानं त्याच्या कितीतरी आधी एका मराठी घराचं म्हणणं ऐकलं होतं. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर वीस वर्षांच्या तरुणाच्या मांडीचं हाड मोडलं. त्याला पुण्याला आणलं. तिथे पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसवलं गेलं आणि त्या धक्क्यानं त्याचा मृत्यू झाला. मुलाचे वडील स्वतः डॉक्टर होते. 'जोशी विरुद्ध गोडबोले' या नावानं ओळखल्या जाणाऱ्या या खटल्याचा अंतिम निकाल १९६८ मध्ये लागला. भरपाई होती तीन हजार रुपये. रक्कम आज हास्यास्पद वाटेल, पण त्या निकालानं डॉक्टरची तीन कर्तव्यं नोंदवली: केस हाती घ्यावी का हे ठरवताना काळजी, कोणता उपचार द्यावा हे ठरवताना काळजी आणि तो उपचार देताना काळजी.

आजींच्या पायाला ही फूटपट्टी लावून पाहा. पंजा लटकला, एवढ्यानं काही सिद्ध होत नाही. पण गुडघ्याला गुडघा घासणारा, वर आखडलेला पाय असूनही आधी पंजाची ताकद तपासलीच नसेल, या धोक्याबद्दल चकार शब्द काढला नसेल, रात्री तीनदा सांगूनही बँडेज उघडलं नसेल, आणि नंतर "सर्व ठीक" असा शेरा एकाच शाईत सलग चार दिवस मारलेला असेल, तर प्रश्न वेगळा होतो.

संमतीचा मुद्दा सुरतेत विशेष टोचतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या समीरा कोहली निकालानुसार पेशंटला उपचाराचं स्वरूप, पर्याय आणि ठळक धोके समजतील असे सांगायला हवेत. अगदी दूरच्या शक्यता सांगितल्या नाहीत तरी चालतं. शंभरात एक ही शक्यता मला तरी दूरची वाटत नाही. आणि 'समजतील' म्हणजे कोणत्या भाषेत? फॉर्म गुजराती किंवा इंग्रजी, सही करणारी आजी शिरपूरची, घरात अहिराणी बोलणारी. अंगठा उमटवून घेतला की काम झालं, असं मानणाऱ्यांना या निकालानं दिलासा दिलेला नाही.

तक्रार कुठे?

१९९५ च्या व्ही. पी. शांता निकालानं पैसे घेऊन दिलेले उपचार ग्राहक कायद्याखाली आणले. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात अशी सरकारी रुग्णालयं त्याबाहेर राहिली, तिथे दिवाणी न्यायालयाचा रस्ता उरतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एक सोय खानदेशी माणसाला फार उपयोगाची आहे: तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडेही जाता येतं. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिथून गाडी पकडून सुरतेला ऑपरेशन करून आलेल्या माणसाला तारखांसाठी पुन्हा सुरत गाठायची गरज नाही, नंदुरबारला दाद मागता येते. मुदत साधारण दोन वर्षांची. उपचारासाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि पन्नास लाखांपर्यंतची प्रकरणं जिल्हा आयोगातच चालतात.

वैद्यकीय परिषदेकडेही तक्रार करता येते. ती डॉक्टरची नोंदणी निलंबित करू शकते, भरपाई मात्र देत नाही.

भांडायचं की नाही हे नंतर ठरवा, कागद आधी मागा. लेखी मागणी केल्यावर ७२ तासांत उपचारांचे कागद द्यावेत, असा वैद्यकीय आचारसंहितेचा नियम आहे. डिस्चार्ज कार्ड पुरेसं नसतं. नर्सच्या नोंदी, भूलतज्ज्ञाचा तक्ता आणि मांडीचा पट्टा किती वाजता बांधला, किती वाजता सोडला हे दाखवणारी ऑपरेशनची नोंद, हे तीन कागद खरे बोलके. ते वाचून कधी कधी असंही कळतं की डॉक्टरांनी सगळं वेळेवर केलं होतं, फक्त घरच्यांना समजावून सांगायला कुणी थांबलं नाही.

दिवसाला एक मिलिमीटर

दरम्यान पाय वाट पाहत असतो. पंजा खाली लटकून टाच आखडू नये म्हणून पावलाला प्लॅस्टिकची हलकी पट्टी लावतात, ती बुटात बसते, चपलेत नाही. आजींना आयुष्यात पहिल्यांदा बूट घालावे लागतात. फिजिओथेरपिस्ट रोज पाऊल वर ढकलून घेतो. वर्ष-दीड वर्ष गेलं तरी जाग आली नाही, तर घोट्याच्या आतल्या बाजूचा चांगला स्नायू वळवून पावलाच्या वरच्या बाजूला जोडण्याचं ऑपरेशन करता येतं. आपल्याकडच्या शल्यविशारदांचा त्यावरचा हात बसला तो कुष्ठरोग्यांच्या लटकलेल्या पावलांवर, कारण तो आजारही गुडघ्याबाहेरच्या त्याच वळणावर त्याच तंतूला गाठतो.

तंतू वाढतो दिवसाला सुमारे एक मिलिमीटर, महिन्याला साधारण एक इंच. तो कुठवर आला हे पाहायची एक साधी युक्ती आहे, पहिल्या महायुद्धातल्या जखमींवर तिचं वर्णन फ्रान्सच्या तिनेल यांनी १९१५ मध्ये केलं. पावलाकडून बोटानं हलक्या टिचक्या मारत गुडघ्याबाहेरच्या त्या हाडाकडे वर जायचं. जिथे टिचकीसरशी पहिल्यांदा पावलात झिणझिणी जाते, तिथपर्यंत नवा धागा पोचलेला असतो. फिजिओथेरपिस्ट तिथे बॉलपेननं एक आडवी रेघ ओढतो आणि हॉलच्या कॅलेंडरवर तारीख लिहितो. पुढच्या महिन्यात आजी स्वतःच पाय पुढे करतात आणि जुन्या रेघेच्या बोटभर खाली टिचकी मारून बघतात.